चेन का वाजते?



दावणीला बांधलेले जनावर आपण रोज सकाळी न्याहाळतो. रवंथ करते की नाही, शेण कसे टाकले, नाक ओले आहे का, हे बघितल्याशिवाय आपला दिवस सुरू होत नाही. ओसरीला उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे मात्र ती बंद पडल्यावरच लक्ष जाते. दूध डेअरीला तीच नेते, खताचे पोते तीच आणते, पोराला परीक्षेला आणि म्हातारीला दवाखान्यात तीच पोचवते. आज तिच्या एकाच अवयवाविषयी बोलायचे आहे, तो म्हणजे चेन आणि तिच्या दोन दातेरी चक्र्या. गॅरेजात त्यांना चेन-स्प्रॉकेट म्हणतात.

आधी माझी एक चूक सांगतो. 2019 सालच्या जूनमधली गोष्ट. एका वाडीवरचे ओळखीचे शेतकरी दुधाच्या दोन किटल्या गाडीला अडकवून रोज संकलन केंद्रावर जायचे. गाडी जुनी, 100 सीसीची. वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, चेन लई वाजतीया. ताण देऊन देऊन चाक पार मागं गेलं. आता काय करावं?" मला पुढच्या गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायचे होते. गाडीवरून न उतरताच मी म्हणालो, "एक कडी काढून घ्या. दिवाळीपर्यंत सहज चालंल."

त्यांनी माझ्या शब्दावर कडी काढून घेतली. अकराव्या दिवशी उतारावर चेन पुढच्या चक्रीवरून उतरली, चक्री आणि इंजिनच्या कवचामध्ये गोळा होऊन अडकली आणि मागचे चाक जागीच थांबले. मागे त्यांची मंडळी बसली होती. दूध चरात गेले, इंजिनचे कवच फुटले आणि बाईंचे मनगट मोडले. पेरणी तोंडावर आली असताना घरातला एक हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या दोघांनी मला चहा दिला, दोष दिला नाही. म्हणून तर ती गोष्ट अजून टोचते. त्या दिवशी पाच मिनिटे खाली उतरून मी काय बघायला हवे होते, ते आज तुम्हांला सांगतो.

चेन लांबते म्हणजे काय होते?

आपण म्हणतो, चेन ताणली. खरे म्हणजे लोखंडी पत्ती काही ताणत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेभोवती बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. ही घडण 1880 साली इंग्लंडात मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड यांनी बसवली. आजही आपल्या गाडीच्या चेनची घडण तीच आहे. रोलर दात्यावर बसतो, पण रोजची खरी झीज आत, पिन आणि बुश यांच्यात होते. तिथे तेल पोचले नाही किंवा माती शिरली, की सांधा आतून खातो. पूर्वी मोटेचा नाडा आणि चाक दोन्ही एकमेकांना घासून झिजत, तसाच हा प्रकार.

हिशेब साधा आहे. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. शंभर कड्यांची चेन धरली तर नवीन असताना तिची लांबी 1270 मिलिमीटर भरते. प्रत्येक सांध्यात फक्त पाव मिलिमीटर झीज झाली, तरी शंभर सांध्यांची मिळून चेन 25 मिलिमीटर लांब होते. म्हणजे जवळजवळ दोन कड्यांइतकी. म्हणूनच मेकॅनिकला एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडकडी काढायची बुद्धी होते, आणि माझ्यासारख्या शहाण्याला तसे सांगायची.

पण जोडकडी काढून काय साधते? चेन आखूड होते आणि चाक पुन्हा पुढे येते. उरलेल्या प्रत्येक सांध्यातली पाव मिलिमीटर झीज जशीच्या तशीच राहते. दात्यांमधले अंतर 12.7 चे आणि चेनच्या सांध्यांमधले अंतर 12.95 चे, अशा जोडीत रोलर दात्याच्या बुडाशी बसत नाही, वर चढून बसतो. जोर पडला की तेथून घसरतो. माझ्या सल्ल्याने नेमके हेच झाले होते.

आधी कान द्या

गुरांचा डॉक्टर आधी विचारतो, जनावर काय करते? गाडीचेही तसेच आहे. आवाज कोठून येतो, केव्हा येतो, हे नीट ऐकले तर अर्धे निदान तेथेच होते.

खड्ड्यातून जाताना किंवा वेग कमी करताना खालून खळखळ ऐकू येते का? तर चेन सैल आहे आणि कव्हरला आतून आपटते आहे.

चिमण्या चिवचिवाव्यात तशी करकर येते का? चेन कोरडी आहे. कव्हरचे रबरी बूच काढून बघा. सांध्यांजवळ तांबूस भुकटी दिसली तर आत गंज धरला असे समजा.

मूठ पिळताना आणि सोडताना गाडीला झटका बसतो का? चेन सैल असेल किंवा मागच्या चाकाच्या ड्रममधले रबराचे तुकडे झिजले असतील. ओळखायचे असे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. एका हाताने चाक घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मोठी चक्री मागेपुढे हलवून बघा. चाक स्थिर असताना चक्री खूप खेळत असेल तर दोष रबराचा आहे. अशा वेळी चेन बदलून झटका जाणार नाही.

चढावर किंवा ओझे असताना इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र ओढत नाही, असे होते का? येथे दोन रोग सारखे दिसतात. इंजिन गुळगुळीत ओरडते, झटका बसत नाही, तर क्लच घसरतो आहे. 'कटकट' असा आवाज होऊन अंगाला धक्के बसत असतील तर चेन दात्यांवरून उड्या मारते आहे. कित्येकजण चेनच्या दुखण्यासाठी क्लचप्लेट बदलून बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

ठराविक अंतराने एकच 'कट्ट' ऐकू येतो का? हा शोध मोठा मजेचा आहे, घरातल्या शाळकरी पोरांना बरोबर घ्या. गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये मधल्या स्टँडवर घ्या. टायरवर खडूने खूण करा आणि चाक हाताने हळूहळू फिरवा. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा कट्ट झाले तर दोष मोठ्या चक्रीत किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये शोधा. चाकाच्या एका फेरीत तीनदा झाले तर छोट्या चक्रीत शोधा, कारण पुढे 14 आणि मागे 42 दाते असले की मोठी चक्री एकदा फिरते तेव्हा छोटी तीनदा फिरते. आणि साधारण अडीच फेऱ्यांत एकदाच झाले, तर दोष चेनमध्येच आहे. चेनच्या शंभराहून थोड्या अधिक कड्या आणि चक्रीचे 42 दाते, म्हणून अडीच फेऱ्यांनी तीच कडी पुन्हा तेथे येते. ती कडी गंजून आखडली असेल. चक्रीवरून सुटताना ती सरळ होत नाही, कोपरात वाकलेल्या हातासारखी दिसते.

बेअरिंगचा संशय आला तर चेन काढून ठेवा आणि चाक फिरवून बघा. तरीही घरघर आली तर चेनचा काही दोष नाही, बेअरिंग गेले आहे.

मग डोळ्यांनी बघा

चेनचे कव्हर काढायला चार बोल्ट काढावे लागतात. त्याचा आळस करू नका. बुचाच्या भोकातून सबंध चक्री दिसत नाही.

मोठ्या चक्रीचे दाते बघा. नवीन दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दाता एका अंगाला खोल खातो आणि कोयत्याच्या टोकासारखा एका बाजूला वाकलेला दिसतो. असे दाते दिसले की चक्री संपली. कानस मारून ती सुधारत नाही. काही गॅरेजात चक्री उलटी करून बसवतात. दात्याची दुसरी बाजू कोरी असते, त्यामुळे चार दिवस बरे वाटते. पण दात्याची जाडी आधीच गेलेली असते.

छोटी चक्री इंजिनजवळच्या झाकणात लपलेली असते. तिच्या एकेका दात्याची पाळी मोठीच्या तिप्पट वेळा येते, म्हणून तीच आधी झिजते. तेव्हा मोठी चक्री बरी दिसली तरी छोटीचे झाकण उघडल्याशिवाय निकाल देऊ नका. तेथे माती आणि वंगणाचा काला साचलेला असतो. तो खरवडून काढा. चक्री धरून ठेवणारी पट्टी आणि तिचे बोल्ट घट्ट आहेत का, बघा. चक्री दांड्यावर किंचित हलते, तेवढे चालते. पण ती खडखडत असेल, तिच्या आतल्या खाचा खाल्ल्या असतील, तर ती बदला. तिच्या मागून ऑइल झिरपत असेल तर तेथले सील गेले आहे. तेही त्याच वेळी बदलून घ्या.

दात्याच्या फक्त एकाच कडेला चकाकी दिसते का? मग चाक तिरपे बसले आहे. ताण देताना एका बाजूचा नट जास्त आणि दुसऱ्या बाजूचा कमी फिरवला, की असे होते. मागून, चेनच्या रेषेत डोळा लावून बघा. पाभरीचा तास बघता तसे. चेन चक्रीवर सरळ शिरली पाहिजे.

मोजून खात्री करा

आता दोन परीक्षा सांगतो. दोन्हींना पैसा लागत नाही.

पहिली परीक्षा ओढण्याची. मोठ्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरा आणि मागे ओढा. नवीन चेन जागची हलत नाही. जुनी चेन दात्यापासून सुटते. अर्ध्याहून अधिक दाता उघडा पडला तर पुढे बोलायचे कारण नाही, चेन संपली.

दुसरी परीक्षा पट्टीची. मुलाच्या दप्तरातली 30 सेंटीमीटरची पट्टी घ्या. चेन रॉकेलने किंवा डिझेलने पुसून घ्या. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. पहिला गियर टाका आणि मागचे चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवा. खालची चेन ताठ होईल, ती तशीच धरून ठेवा. आता एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य लावा. ती पिन सोडून पुढच्या वीस पिना मोजा. विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या. मध्ये वीस अंतरे आली. नवीन चेनमध्ये ती 254 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 10 इंच भरतात. 256 पर्यंत चिंता नाही. 257 झाले की नवीन संचासाठी पैसे बाजूला काढा. 259 झाले म्हणजे चेन बाद. असे तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

बुलेटसारख्या जड गाडीची मागची चेन मोठी असते. तिच्या दोन पिनांतले अंतर पाच-अष्टमांश इंच, म्हणजे 15.875 मिलिमीटर. वीस अंतरे 317.5 मिलिमीटर होतात. तेथे तीस सेंटीमीटरची पट्टी पुरत नाही, सुताराचा टेप घ्या. जुन्या बुलेटला इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये कवचात आणखी एक चेन असते. मागची चेन ठीक असून आवाज येत राहिला तर त्या चेनचा ताण मेकॅनिककडून तपासून घ्या.

ताण किती ठेवावा?

हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि तोच खरा. 100 ते 125 सीसीच्या गाड्यांत बहुधा खालच्या चेनचा मध्य वरखाली मिळून 20 ते 30 मिलिमीटर हलला पाहिजे. साधारण अंगठ्याच्या रुंदीहून थोडे जास्त समजा.

आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे. चेन जितकी ताठ तितकी चांगली, असे पुष्कळांना वाटते. चेन तंबोऱ्याची तार नव्हे. गाडीवर दोन माणसे आणि किटल्या बसल्या की मागचा चिमटा वर उचलला जातो. छोटी चक्री, चिमट्याची खीळ आणि मागच्या चाकाचा आस ही तिन्ही एका रेषेत आली की दोन चक्र्यांमधले अंतर सर्वांत जास्त होते. रिकाम्या गाडीवर चेन ताठ केलेली असेल तर त्या क्षणी तिला जायला जागा राहत नाही. मग ती पिना खाते, गियरबॉक्सचे आणि चाकाचे बेअरिंग खाते, आणि शेवटी तुटते. म्हणून ताण देऊन झाल्यावर एकदा दोघांना गाडीवर बसवा आणि चेनला हात लावून बघा. तेव्हाही ती थोडी सैल लागली पाहिजे.

ताण देण्याची रीत अशी. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हळूहळू फिरवून चेन सर्वांत ताठ कोठे होते ते शोधा. माप तेथेच घ्यायचे. सैल जागी माप घेऊन ताण दिलात, तर ताठ जागी चेन अति ताठ होईल. आसाचा नट सैल करा. काही गाड्यांत चक्रीच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही सैल करा. मग दोन्ही बाजूंचे ताण देण्याचे नट सारखेच फिरवा. एकदा डावा अर्धा आटा, एकदा उजवा अर्धा आटा. चिमट्यावर दोन्हीकडे खुणांच्या रेघा असतात, त्या जुळवा. आस पक्का आवळा आणि माप पुन्हा घ्या, कारण आवळताना ताण बदलतो. मागचा ब्रेकही तपासा. चाक मागे सरकले की ब्रेकचा दांडा ताणला जातो आणि ब्रेक लागूनच राहतो. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, पायाला नेहमीचाच खेळ लागतो का, मागचा दिवा लागतो का, हे बघूनच गाडी रस्त्यावर काढा.

एकीकडे ताठ आणि दुसरीकडे खूप सैल, असा फरक चेनमध्ये आढळला, तर ती असमान झिजली आहे. त्यावर ताण देणे हा उपाय नाही.

बदलायची तर तिन्ही एकदम

नवा खोंड आणि दमलेला म्हातारा बैल एका जुवाला जुंपले तर काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. झिजलेल्या चक्रीवर नवीन चेन टाकली की वाकडे दाते नवीन रोलरांना चुकीच्या जागी ओढतात आणि नवी चेन लवकरच जुनीएवढी लांब होते. जुनी चेन नव्या चक्रीवर टाकली तर चक्री तशीच जाते. चेन आणि दोन्ही चक्र्या यांचा संच एकदम बदलणे, यातच शेवटी पैसा वाचतो.

संच घेताना तीन गोष्टी मोजा. छोट्या चक्रीचे दाते, मोठ्या चक्रीचे दाते आणि चेनच्या कड्या. तिन्ही आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे हवेत. "हीबी बसती" असे दुकानदार म्हणाला तरी पुढे एक दाता जास्त असलेली चक्री घेऊ नका. तिने सपाटीवर वेग वाढल्यासारखा वाटेल, पण चढावर ओझ्यासह गाडी ओढणार नाही आणि क्लचवर भार येईल. चक्री धरणारी पट्टी आणि बोल्टही नवे मागून घ्या.

आणि एक छोटी क्लिप. चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीवर माशाच्या आकाराची क्लिप असते. तिचे मिटलेले तोंड चेन धावते त्या दिशेला हवे. वरची चेन पुढे धावते, म्हणून क्लिप वर असताना मिटलेले तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला. क्लिप खाली असेल तर मागच्या बाजूला. उलटी बसवली तर एखादी काडी, एखादा दगड लागून ती निसटते. मेकॅनिक कितीही ओळखीचा असला, तरी पैसे देण्याआधी एवढे वाकून बघा.

तेल कोणते, केव्हा?

ट्रॅक्टरच्या गियरबॉक्सचे 90 नंबरचे ऑइल बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी असते. चेनला तेच चालते. इंजिनमधून काढलेले काळे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून घालू नका. त्यात घासलेल्या धातूचा कण असतो आणि तोच सांध्यात शिरतो. जाड ग्रीस बाहेरून फासले तर आत पिनेपर्यंत पोचत नाही, उलट धूळ धरून ठेवते.

घालायची रीत अशी. गाडी थोडी चालवून आणा, म्हणजे चेन कोमट होते. इंजिन बंद करा. खालच्या चेनच्या आतल्या अंगाला, पत्त्यांच्या फटींत, एकेक थेंब टाकत चाक हाताने फिरवा. थोडा वेळ मुरू द्या आणि वरचे तेल फडक्याने पुसून टाका. तेल आत हवे, बाहेर नको. पाचशे किलोमीटरच्या आसपास एकदा, आणि गाडी पावसात भिजली किंवा चिखलातून आली की त्याच संध्याकाळी.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट येथे जोडतो. रासायनिक खते हवेतले पाणी ओढतात आणि लोखंडाला खातात. फाटक्या पोत्यातून युरिया गळत आला, की त्याचे दाणे चेनवर पडून विरघळतात आणि सांध्यात झिरपतात. खताचे पोते आणलेत तर घरी आल्यावर चेन पुसून तेल द्या. औषध फवारणीचा पंपही गाडीवर धुऊ नका.

दोन धोके

पहिला धोका बोटांचा. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत. फडके चक्रीत ओढले गेले की बोटही ओढले जाते. चाक नेहमी हातानेच फिरवा. लहान मुले जवळ असतील तर आणखी जपा.

दुसरा धोका पदराचा. चिखल भरतो म्हणून पुष्कळजण चेनचे कव्हर काढून टाकतात, आणि चाकाच्या बाजूची जाळीही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 123 वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची सोय, पाय ठेवायची सोय आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. ताईंनो, तुमच्या गाडीची जाळी आणि कव्हर जागेवर आहे का, हे तुम्ही स्वतः बघा. नसेल तर बसवल्याशिवाय मागे बसू नका. पदर आणि ओढणी खोचूनच बसा.

जाता जाता एक गोष्ट. पेरणीयंत्राला किंवा मळणीयंत्राला चेन असेल तर वीस अंतरांची हीच परीक्षा तेथेही चालते. आधी त्या चेनचे मूळ अंतर किती आहे ते विचारून घ्या आणि त्याला विसाने गुणा. शंभराला दोन वाढले की चेन बाद. पेरणी चालू असताना चेन उतरली तर तेवढा पट्टा बियाण्यावाचून जातो, आणि ते उगवणीनंतरच कळते.

आता त्या वाडीवरच्या घराची हकीकत. बाईंचा हात सांधला, पण थंडीच्या दिवसांत भाकरी थापताना तो अजून दुखतो. गाडी तीच आहे, संच नवा बसवलेला आहे. गोठ्याच्या भिंतीवर, गाय भरवल्याच्या तारखा लिहितात त्याच्याच खाली, दर अमावस्येला खडूने एक आकडा लिहिलेला असतो. गेल्या खेपेस गेलो तेव्हा तेथे 255 लिहिले होते. माप पोरगा घेतो आणि आकडा आई लिहिते. मला बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची गाडी उभी करा इथं. तुमचीबी मोजून घेतो."

मोजली. 258 निघाली. दुसऱ्याच दिवशी मी संच बदलून घेतला.

या रविवारी तुम्हीही पट्टी घेऊन गाडीपाशी बसा. आकडा काय निघाला ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.